अस्वलओढ्याचे अस्वल

ज्या भूमीवर मायामी या अमेरिकेतील आदिवासी लोकांच्या कित्येक पिढ्या नांदून गेल्या, तिथे मागाहून येऊन ‘पहिला मीच’ म्हणणे हा अहंकारच होय. आणि त्या अहंकाराला आसन हवे असेल, तर कधीकधी स्वतःचेच पाप साक्षीला बोलवावे लागते.

इंडियाना राज्यातील थ्रॅशर काउंटीच्या वसाहतीला पन्नास वर्षे झाली होती. त्यानिमित्त भरलेल्या मेळाव्यात सर्वांत आधी आलेल्या रहिवाशाला झुलती खुर्ची अर्पण व्हायची होती. चर्चचे वयोवृद्ध डीकन लेम्युएल प्रुइट यांना ऐहिक मोह असा एवढा एकच उरला होता.

केझाया स्ट्राउड ही वृद्धा व्यासपीठावरून सांगत होती, “अठराशे सव्वीस सालच्या एप्रिलात आमचा गाडा इथं आला. चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्याच दिवशी अस्वलानं आमचं डुक्कर नेलं. म्हणून तर हा अस्वलओढा!”

टाळ्या पडल्या. खुर्ची तिच्याकडे सरकू लागली.

“थांबा!” डीकन उठले. “मी आदल्या हिवाळ्यापासून इथं होतो. पोकळ झाडाच्या बुंध्यात राहत होतो.”

“पुरावा काय, डीकनसाहेब? खारीला बोलावू?” केझायाबाईंनी विचारले.

सभा हसली. चाळीस वर्षे त्यांनी चोरीविरुद्ध प्रवचने दिली होती. डीकनांनी एकवार खुर्चीकडे पाहिले आणि टोपी काढली.

“तुमचा गाडा ओढ्यात फसला, तो मी झाडातून पाहिला. आणि त्या डुकराच्या पायाला तुमच्या लाल परकराची चिंधी होती.”

“अगं बाई! म्हणजे अस्वल...”

“मीच. तीन दिवसांचा उपाशी होतो, बाई.”

काउंटीचे कारकून घाबरून उठले. “अहो, ओढा, शाळा, गिरणी, सगळ्यांना अस्वलाचं नाव! नकाशे छापून झालेत!”

“डीकनओढा करा!” मागून कोणीतरी ओरडले.

केझायाबाईंनी हात वर केला. “आणि ‘आत्ताच आलो’ म्हणत अस्वल शोधायला माझ्या नवऱ्याबरोबर आठवडाभर कोण हिंडलं?”

“मीच.”

“रोज निघताना माझ्या हातचा मक्याचा पाव कोण चापत होतं?”

“तेही मीच,” डीकन पुटपुटले.

बाई इतक्या हसल्या की त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. “नकाशा राहू द्या. अस्वल होतंच, आज सापडलं. खुर्ची यांचीच. मात्र ती माझ्या ओसरीवर राहील. बसायचं असेल तेव्हा या, अस्वलबुवा. पाव मिळेल.”

डीकनांनी मान लववली.

त्या ओसरीवर दोघांनाही दीर्घ विसावा लाभो. आणि त्यांच्याआधी त्या ओढ्याचे पाणी प्यालेल्या सर्वांना शांती लाभो.