थांबायचं न्हाई

दुर्गाबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे मंठ्याच्या बाजारातल्या भाजीवाल्यांनाही ठाऊक होतं. म्हणून जालन्याच्या सरकारी दवाखान्यातल्या सेंटरात समुपदेशक उषाताईंनी विचारलं, "गोळ्यांवर लक्ष कोण ठेवणार?" तेव्हा सून कौसल्यानं मुकाट्यानं सासूकडं बोट दाखवलं.

दुर्गाबाईचा मुलगा वसंता एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता. दोन वर्षांपूर्वी तो एड्सनं गेला. गावाला टीबी सांगितला होता. घरातसुद्धा खऱ्या आजाराचं नाव कुणी काढत नसे, नुसतं 'ते' म्हणत. वसंताच्या वेळी या गोळ्या त्याच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. आता फुकट मिळायला लागल्या होत्या, आणि कौसल्याच्या रक्तात 'ते' निघालं होतं. तिच्याशिवाय दुर्गाबाईला घरात दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

"पहिले पंधरा दिवस कमी डोस," उषाताई म्हणाल्या. "मग तपासून वाढवू. पण एकही गोळी चुकवायची नाही. सण असो, पाहुणा असो, मयत असो. चुकली की औषध लागू पडायचं बंद होतं." हे त्यांनी दुर्गाबाईकडून तीनदा वदवून घेतलं. बाहेर रांग व्हरांड्यापर्यंत गेली होती. पुढचं नाव पुकारलं गेलं तशा त्या घाईघाईनं म्हणाल्या, "आणि हो, अंगावर पुरळ उठलं, ताप भरला, तर थांबायचं नाही बरं का!"

"न्हाई थांबणार, ताई," दुर्गाबाई म्हणाली. शब्द दिला गेला.

घरी आल्यावर तिनं चुलीमागच्या भिंतीची वही केली. गोळी दिली की चुन्याचं एक बोट. पहिले काही दिवस कौसल्याला नुसती मळमळ. भाकरी समोर आली की तोंड फिरवायची. आठव्या दिवशी मात्र तिनं आपण होऊन ठेचा मागितला. दुर्गाबाईनं तो वाटताना डोळे पुसले आणि मिरचीवर ढकललं. पोरगी वाचली, असं तिला वाटलं.

दहाव्या दिवशी सकाळी कौसल्याच्या छातीवर लाल पुरळ उठलं. अंग चटका बसेल इतकं तापलं होतं. दुर्गाबाईनं पदर सरकवून पाहिलं, आणि देवा, तिला आनंद झाला!

त्यालाही कारण होतं. तिची पहिली पोर गिरिजा तीन वर्षांची असताना तिला गोवर निघाला. दुर्गाबाईनं घाबरून तिला मंठ्याला नेऊन सुई टोचून आणली. संध्याकाळी पुरळ मावळलं आणि पहाटे पोर गेली. "गोवर आत वळला," म्हातारी माणसं म्हणाली, "बाहेर पडू द्यायचा होता." सुईचा त्यात दोष होता की नव्हता, देव जाणे. पण दुधानं तोंड पोळलेली बाई ताक फुंकून प्यायला लागली. अंग जे बाहेर टाकतंय ते टाकू द्यावं, हे तिच्या मनात खिळ्यासारखं ठोकलं गेलं.

"आतलं इख बाहेर पडून राह्यलं, पोरी," ती म्हणाली. "औषध लागू पडलं."

तिनं दाराला लिंबाचे डहाळे बांधले, मनुकांचं पाणी केलं, कौसल्याला गोधडीत गुंडाळलं. शेजारणींना गोवर सांगितला. लिंब पाहून कुणी उंबऱ्याच्या आत येईना, त्यामुळे 'ते'ही झाकलेलं राहिलं.

"आत्या, जालन्याला जायचं का?" कौसल्यानं विचारलं. "ताई पुरळाचं कायतरी म्हणल्या व्हत्या."

"म्हणल्या न. पुरळ उठलं तरी गोळी थांबवायची न्हाई म्हणल्या. आन् यष्टीत वारं लागलं तर समदं आत वळंल. तारीख आली की जाऊ."

बाराव्या दिवशी कौसल्याचे ओठ फुटले, तोंडात फोड आले, डोळे चिकटले. गोळी समोर आली तशी तिनं सासूचं मनगट धरलं. "आत्या, थांबा ना वाइच."

दुर्गाबाईचं काळीज तुटलं. पण शब्द म्हणजे शब्द. तिनं गोळी गुळाच्या पाण्यात विरघळवली, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्या-चमच्यानं घशात उतरवली. "वसंत्या गेला, आता तू जाऊ नको माय," असं म्हणत ती रडत होती. मग उठून तिनं भिंतीवर चुन्याचं बोट ओढलं.

चौदाव्या दिवशी गोधडी काढताना गोधडीसोबत कौसल्याच्या पाठीची कातडी निघाली. ती किंकाळी ऐकून शेजारची साळूबाई लिंब ओलांडून आत आली आणि तिनंच जीप बोलावली. जालन्याहून त्यांना औरंगाबादला पाठवलं. "गोळीची रिअ‍ॅक्शन आहे," तिथला डॉक्टर म्हणाला. "थोड्याच जणांना होते. पुरळ दिसलं त्याच दिवशी आली असती तर ही गोळी बंद करून दुसरी दिली असती." तिसऱ्या दिवशी कौसल्या गेली.

तेरावं झाल्यावर दुर्गाबाई उरलेल्या गोळ्या परत द्यायला सेंटरात गेली. उषाताईंनी डबी हातात घेतली, आणि त्यांचा आवाज चढला. "मी सांगितलं होतं ना, पुरळ उठलं तर थांबायचं नाही म्हणून!"

"मंग कुटं थांबले, ताई?" दुर्गाबाई म्हणाली. "एकबी गोळी चुकू दिली न्हाई. भिंतीवर बोटं हायेत, येऊन पाहा."

कुठं चुकलं ते आता उषाताईंना कळलं, आणि त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "अहो, थांबायचं नाही म्हणजे... वाट पाहायची नाही. तसंच निघून यायचं."

बाहेर पुढचं नाव पुकारलं गेलं. दुर्गाबाईच्या मनगटावर कौसल्याची ती पकड अजून होती. ताईंचा शब्द तिनं पाळला होता. आणि घरात एकजण तिला थांबा म्हणत होती, तिचं तेवढं तिनं ऐकलं नव्हतं.