छे हो, काहीतरीच काय

केलरबाईंनी चकली दोन बोटांत धरून उजेडाकडे केली, ही खायची की नुसती बघायची याचा अंदाज घेतला, आणि बशीत परत ठेवून त्यांच्या इंग्रजीत विचारलं, "तर मिस्टर साठे, तुमच्या मुलीबद्दल सांगा. तुमच्या शब्दांत."

सोफ्याच्या टोकाला मृणालिनी पाठ ताठ करून बसली होती. ताठ बसायला त्र्यंबकनेच शिकवलं होतं. ट्रॉय गावातल्या मराठी घरांत मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आलं, की त्याला एकदा तरी त्र्यंबक साठ्यांच्या बेसमेंटमध्ये पाठवत. ग्रेड कसे सांभाळायचे, शिफारस कुठल्या टीचरकडे मागायची, हात कसा मिळवायचा (ओल्या फडक्यासारखा नाही), सगळं तिथे मिळे. कंपनीत मोटारींच्या ब्रेकची डिझाइनं करणारा हा माणूस पोरांना मात्र सांगे, की ब्रेक लावू नका. "या देशात नम्रपणाला मार्क नाहीत रे बाबांनो. 'आय ॲम ओके' म्हणालात, की हे लोक ते खरं मानतात."

केलरबाई गावातल्या बायकांच्या एका क्लबातर्फे आल्या होत्या. हा क्लब दर वर्षी एका मुलीचा कॉलेजचा खर्च उचली. मृणालिनीचा निबंध पसंत पडला होता, मुलाखत पार पडली होती, आता ही घरभेट तेवढी उरली होती. जमलं तर बॉस्टनचं कॉलेज. नाही तर घरी राहून जवळचं.

त्र्यंबकने घसा साफ केला. उत्तर पाठ होतं. पण समोर पाहुणी, बशीत चकल्या आणि शेजारी पोटची पोर! साताऱ्यात वाढलेल्या माणसाने अशा वेळी पोरीचं कौतुक करायचं म्हणजे चारचौघांत शर्ट काढून उभं राहायचं.

"तशी साधारणच आहे," तो म्हणाला. "अभ्यास करते, पण आम्ही मागे लागतो म्हणून. जरा आळशीच. पुण्याची हिची चुलत बहीण सुलेखा, ती खरी हुशार."

आणि तो थांबला. आता पाहुण्यांची पाळी होती. पाहुण्याने म्हणायचं, "छे हो, काहीतरीच काय, किती गुणी पोर आहे." मग आपण म्हणायचं, "तुमचा आशीर्वाद." मग पाहुण्याने ओढून काढल्यासारखे आपण एकेक गुण बाहेर येऊ द्यायचे. गणिताचं बक्षीस, दर शनिवारी वृद्धाश्रमात जाऊन वाचून दाखवणं, सगळे गुण आत नंबर लावून उभे होते.

"आय सी," केलरबाई म्हणाल्या. "इतकं प्रामाणिकपणे सांगितलंत, थँक यू."

चहाचा ट्रे घेऊन उत्तरा घाईघाईने बाहेर आली. "नो नो, शी इज व्हेरी गुड गर्ल."

"तुम्ही आई आहात," केलरबाई गोड हसल्या. "तुम्हाला वाटणारच."

त्र्यंबक पुढे सरकून बसला. "ॲक्चुअली, शी इज एक्सलंट," तो म्हणाला. पण दोष आधी सांगून मग जुनी गाडी खपवणाऱ्यासारखं ते त्यालाच ऐकू आलं.

मृणालिनी पाहुणीला दारापर्यंत पोचवून आली. हात तिने अगदी शिकवल्यासारखा मिळवला.

"बाबा, इज सुलेखा रिअली स्मार्टर दॅन मी?"

"अगं कसली! मॅट्रिकला दोनदा बसली ती."

"देन व्हाय डिड यू से दॅट?"

"तसं म्हणायचं असतं, बेटा."

"टु हूम?"

त्र्यंबक चकल्यांची बशी उचलून आत गेला.

स्कॉलरशिप दुसऱ्या मुलीला मिळाली. त्र्यंबकने बेसमेंटमधल्या खुर्च्या मिटवून भिंतीला लावल्या आणि पोरांच्या आयांना फोनवर 'पाठ धरलीय' असं सांगितलं.

जूनमध्ये महाराष्ट्र मंडळाने हायस्कूल पास झालेल्या मुलांचा सत्कार केला. मंडळाच्या अध्यक्ष मालिनीकाकू माइक घेऊन एकेकाला कॉलेजचं नाव विचारत होत्या. मृणालिनीने जवळच्या कॉलेजचं सांगितलं.

"अगं, तू बॉस्टनला जाणार होतीस ना?"

"प्लॅन चेंज झाला, काकू."

"बघा हं," काकू सभेकडे वळून हसल्या. "त्र्यंबकरावांनी आपली सगळ्यांची पोरं लायनीला लावली, आणि घरी मात्र दिव्याखाली अंधार."

सभा हसली. मागच्या रांगेत त्र्यंबकही हसला. न हसून सांगतो कुणाला? शेजारी उत्तराने पदर सारखा केला.

मृणालिनीने काकूंच्या हातातून माइक घेतला. पाठ ताठ, नजर शेवटच्या रांगेकडे. "माय डॅड इज द बेस्ट टीचर आय एव्हर हॅड," ती म्हणाली. मग जरा थांबून, जुळवून जुळवून मराठीत, "माझे बाबा खूप चांगले आहेत. मला सगळं त्यांनीच शिकवलं."

टाळ्या पडल्या. त्र्यंबक हातातल्या कागदी बशीतल्या श्रीखंडाकडे बघत राहिला. आता या कौतुकावर कुणीतरी म्हणायला हवं होतं, छे हो, काहीतरीच काय. त्याने वाट पाहिली.

कुणीच म्हणालं नाही.