एका माणसाचं माप

गल्लीत त्याला सगळे मापाडीच म्हणत. दुकानोदुकानी जाऊन तो वजनकाटे तपासायचा. काखोटीला पितळी वजनांची पेटी, खिशात बारका पेचकस. काटा दोन ग्रॅमनं जरी खोटं बोलला तरी याच्या कपाळाला आठी पडायची. त्यामुळे बायकोच्या पोटाच्या तपासणीचा अहवाल आला तेव्हा त्यानं तो दोनदा वाचला, घडी घातली आणि डॉक्टरांना विचारलं, "तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत?"

बायको म्हणाली, "चला, घरी चला आता."

त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. म्हणजे ती काढायला जायची आणि हा नळ नीट बंद आहे का ते बघायला उठायचा. "अहो, फार दिवस नाहीत म्हणतात," असं ती एकदा म्हणालीच.

"म्हणू देत. त्यांच्या म्हणण्यावर कुणाचा शिक्का आहे?"

घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती, आणि ती सर्वस्वी तिची होती. मुलगी चार वर्षांची असताना नदी शहरात शिरली होती आणि ही तिघं वरच्या मजल्यावर नऊ दिवस अडकली होती. खायला होता बिस्किटांचा एक डबा. शेवटी शेवटी तर मुलगी रडायचीसुद्धा थांबली. नदी परत गेली, पण हिच्या मनातलं पाणी काही ओसरलं नाही. तेव्हापासून मागच्या खोलीत नव्वद दिवसांची बेगमी असायची. तारखा घातलेले पाण्याचे कॅन, मेणात बुडवलेल्या काड्यापेट्या, मलमपट्ट्या, आणि फळ्यांवर ओळीनं नव्वद पिशव्या. एकेका पिशवीत तांदूळ, डाळ, वाळवलेली भाजी आणि मीठ. दिवसाकाठी एक गरम जेवण, दोघांचं, बरोबर दोनशे ऐंशी ग्रॅम. आत ऑक्सिजन शोषून घेणारी पुडी, तोंड यंत्रानं चिकटवलेलं, वर तिच्या अक्षरात तारीख आणि 'पाणी सहा वाट्या'. मुलगी आता दूरच्या शहरात होती. फोनवर चिडवायची, "आई, आता पाटी लाव आणि दुकानच उघड."

भरायचं काम तिचं, तपासायचं याचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो प्रत्येक फळीवरच्या तीन पिशव्या वजन करून बघायचा. इतक्या वर्षांत कधी पाच ग्रॅमचीही चूक सापडली नव्हती.

त्या रविवारी तिसऱ्या फळीवरची पिशवी भरली एकशे चाळीस. त्यानं काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवली. एकशे चाळीस. शेजारचीही तेवढीच. मोजत गेला तर अशा अडतीस पिशव्या निघाल्या, आणि नव्वदच्या जागी एकूण एकशे नऊ झालेल्या. वर लिहिलेलं 'पाणी पावणेचार वाट्या'. सहाचं निम्मं तीन, हे शाळेतलं पोरही सांगेल. पावणेचार कुठून आले?

मापाडी स्टुलावर बसून राहिला. नव्या गोळ्यांनी कधीकधी गोंधळल्यासारखं होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे माप चुकलं, संख्या चुकली, गणितही चुकलं. दुपारी आपण काटे तपासत हिंडत असताना ती इथे बसून हे असलं करत होती. पण तोंडावर सांगून तिला लाजवायचं कशाला? आयुष्यभर जिचं माप चुकलं नाही, तिला?

पुढचे चार दिवस ती उठायच्या आत तो उठला. दोन दोन पिशव्या फोडल्या, एकत्र केल्या, नवी पुडी टाकून तोंडं चिकटवली, आणि जमेल तितकं तिच्यासारखं अक्षर काढून लिहिलं, 'पाणी सहा वाट्या'. जुन्या पिशव्या कचऱ्यात गेल्या. अडतीसच्या एकोणीस झाल्या, एकूण पुन्हा नव्वद. त्याला फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी तो कामावरून आला तर ती मागच्या खोलीत जमिनीवरच बसलेली. मांडीवर एक पिशवी.

"हे तुमचं अक्षर," ती म्हणाली.

"अगं, मी ते जरा... तू निम्मंच भरलं होतंस."

"निम्मंच भरायचं होतं."

"निम्म्यात दोघांचं कसं भागणार?"

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग मापाड्याला आपोआप कळलं, आणि तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"महिना लागला हो मला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. "दिवसाला एक पिशवी उघडायची, दोन भरायच्या आणि पडून राहायचं. कधी तेवढंही जमायचं नाही."

"मग आहे ती पिशवी मी फोडली असती, निम्मी वापरली असती."

"आणि उरलेली? उघडी पिशवी लगेच दमट होते. फेकवणार तुम्हाला नाही. तसलंच खाल, नाहीतर चहावर झोपाल. ओळखते ना मी."

काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "पण ते पावणेचार..."

"वाफ माणसं मोजत नाही. पातेलं तेच, विस्तव तोच, वेळही तेवढाच. पाणी उडायचं तेवढं उडतंच. तीन वाट्या घातल्या तर खाली लागतं. मी करून बघितलंय." मग ती एकाएकी हसायलाच लागली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "एवढा शहराचा मापाडी, आणि घरात हे!"

तो तिच्याजवळ खाली बसला. हसू काही त्याला आलं नाही.

"आता माझ्यानं पुन्हा व्हायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच करा. मी बसून सांगते. आधी एक रांधून बघा, पोट भरतं का."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात खुर्ची टाकून घेतली. त्यानं एकशे चाळीस ग्रॅम मोजले, पावणेचार वाट्या पाणी घातलं, ती सांगेल तेव्हा ढवळलं, आणि तिच्यासमोर बसून एकट्यानं जेवला. तिला दोन चमचे पेज पुरे व्हायची.

"भरलं पोट?"

पोट छान भरलं होतं, माप अगदी नेमकं होतं. पण तसं म्हटलं की ते ठरलं. मग पिशव्या भरून टाकायच्या, आणि हे काम संपलं.

"जरा कमी पडलं," तो म्हणाला.

तिच्या कपाळाला आठी पडली. "कमी? तीन आठवडे तुमचं ताट मोजून ठरवलंय मी."

"भूक वाढली असेल."

"बरं. उद्या दीडशे."

दीडशेही कमी पडलं. एकशे साठ, एकशे सत्तर. तो घशाशी येईपर्यंत खायचा आणि मान हलवायचा. "माणूस आहात की कोठार?" ती म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी दहा ग्रॅम वाढवायची. खुर्चीत उशी आली. मग खुर्ची सुटली आणि तो ताट घेऊन तिच्या पलंगापाशी बसू लागला.

सातव्या दिवशी माप दोनशेवर गेलं. तो जेवून ताट खाली ठेवतो तर तिच्या हातात पेन्सिल आणि कागद. आकडे एकावर एक चढलेले, खोडलेले.

"हे बघा ना जरा," ती म्हणाली. शब्द मोठ्या कष्टानं येत होते. "दोनशेनं एकशे सव्वीसच दिवस निघतात. आणि तुम्हाला दोनशेही पुरत नाही. मग कसं होणार तुमचं? माझ्यानं आता हिशोब जमत नाही हो. सकाळपासून करतेय."

मापाडी त्या कागदाकडे बघत राहिला. सात दिवस तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला होता. तो उपाशी राहणार, या काळजीत ती सकाळपासून पेन्सिल धरून होती.

"पुरतं," तो म्हणाला.

"काय?"

"एकशे चाळीस पुरतं. पहिल्याच दिवशी पोटभर झालं होतं."

तिनं डोळे मोठे करून पाहिलं. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर..." तो ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "तू खुर्चीतून उठून गेली असतीस."

मग तिचा हात चाचपडत आला आणि त्याच्या मनगटावर थांबला. वजन असं काही त्या हाताला उरलंच नव्हतं.

"एकशे चाळीसनं एकशे ऐंशी दिवस होतात," तिनं पुटपुटून पक्कं केलं. कपाळावरची आठी गेली. "बरेच झाले."

"बरेच झाले," तो म्हणाला.

"मग झोपू मी आता?"

त्यानं तिच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली, कागद घडी करून ताटाखाली सारला.

"झोप," तो म्हणाला, आणि ताट विसळायला न उठता तिथेच बसून राहिला.