वाफवलेली मटकी

ही गोष्ट २०२३च्या जानेवारीतली. काळेवाडीची वर्षाली तेव्हा दहावीत होती. निघोज्याच्या एका कंपनीने आपल्या कॅन्टीनमध्ये शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरवलं होतं. तिचे वडील रंगराव त्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचे. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नंबर आला तर अकरावीला सायन्स, नाहीतर मुकाट्यानं कॉमर्स.

वर्षालीचा प्रयोग असा: एका बाटलीत कोरडी मटकी, दुसरीत मोड आलेली. बुचाखाली कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवलेला कापूस, वर बारीक काचेची नळी आणि नळीत लाल पाण्याचा थेंब. मोड आलेलं बी भराभर प्राणवायू ओढतं, सोडलेला कर्बवायू कॉस्टिक गिळतं, आणि थेंब बाटलीकडे सरकतो. कोरडं बी झोपलेलं, त्याचा थेंब जवळपास जागेवरच.

घरी मोडांचा थेंब नुसता पळायचा. प्रदर्शनात मात्र दोन्ही थेंब ढिम्म. परीक्षक म्हणून आलेल्या शिक्षिका स्वरूपा मॅडम पलीकडच्या टेबलाशी आल्या आणि वर्षाली पुन्हा पुन्हा बुचं दाबून बघू लागली. आई पहिल्या शिफ्टला असल्यामुळे शेजारच्या सलिमा खाला सोबत आल्या होत्या. मटकीला मोडही त्यांच्याच स्वयंपाकघरात आणलेले.

“खाला, मटकीला काही केलंत का?”

“काही नाही गं. वाटेत आंबू नये म्हणून एक वाफ दिली फक्त.”

वर्षाली बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं, की टेबल हलायला लागलं. इतका वेळ ती उसळीचा श्वास मोजत होती. काहीच न कळता खालाही हसत सुटल्या. कळल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला. दुपारच्या भेळेसाठी थोडी मटकी कच्चीच ठेवली होती.

एखादी फुटली तर असावी म्हणून आणलेली तिसरी बाटली त्या कच्च्या मटकीसाठी कामी आली. थोड्या वेळानं तिचा थेंब निघाला तो निघालाच. तेवढ्यात शिफ्ट सुटून रंगराव चार सोबत्यांसह येऊन उभे राहिले आणि मोबाइलवर थेंबाचा व्हिडिओ काढू लागले.

“तीन बाटल्या कशाला?” मॅडमनी विचारलं.

“कोरडी झोपलीय, ही जागी आहे,” वर्षाली म्हणाली. “आणि मधलीला मोड दिसतात, पण ती वाफवलेली, म्हणजे मेलेली. नुसते मोड दिसून भागत नाही.”

“कल्पना कुणाची?”

“खालांची.”

खालांनी पदर तोंडात धरला.

नंबर दुसरा आला. कितवा हवा हे रंगराव बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना पळवाट उरली नाही.

वर्षाली आता कृषी महाविद्यालयात आहे. रंगराव त्या थेंबाचा व्हिडिओ नव्या ड्रायव्हरांना अजून दाखवतात. स्वरूपा मॅडम आपल्या वर्गात तिन्ही बाटल्या मांडतात. सलिमा खाला मोड आलेल्या मटकीला आजही वाफ देतात, पण वर्षाली सुट्टीत आली असेल तर आधी हाक मारून विचारतात, ही खायची की मोजायची.