हिरवी जखम

बारा वर्षं कापितोलिना ल्वोव्हना एकच गोष्ट सिद्ध करायला धडपडत होत्या, की अवकाशात माणसाची जखम उशिरा भरते. उंदरांनी तसं दाखवलं होतं, पण मॉस्कोतल्या त्यांच्या संस्थेत उंदरांना विचारतं कोण? शेवटी झाखार मिरोनोविच हा अंतराळवीर स्थानकावर स्वतःच्या हातावर छोटीशी चीर पाडून घ्यायला तयार झाला. जखमेला काही म्हणजे काही लावायचं नाही, रोज फक्त फोटो पाठवायचा. असा दुसरा वेडा मिळायला आणखी दहा वर्षं गेली असती आणि बाई दोन वर्षांत निवृत्त होणार होत्या.

पहिला फोटो आला. चीर हिरवीगार!

"झाखार मिरोनोविच, हे काय फासलंत?" बाई माइकवर कडाडल्या.

"झेल्योन्का," रशियातल्या घराघरांत असणाऱ्या त्या हिरव्या जंतुनाशकाचं नाव वरून निरागसपणे आलं. "रक्त दिसलं आणि हात आपोआप गेला हो. गुडघा फुटला की आई हेच लावायची ना! फुंकरही मारली."

"पण ती वर आली कशी? कुठल्या गाढवानं पाठवली?"

तो जरा खाकरला. "औषधांच्या पेटीत होती. यादीवर सही तुमची आहे."

बाईंनी यादी उघडली. यादी करताना सवयीनं पहिलं नाव त्यांनी तेच लिहिलं होतं.

आठ दिवसांत जखम भरली. संचालक रोस्तिस्लाव गोर्देयेविच आनंदानं फुगले. "आपल्या माणसाची जखम अवकाशातसुद्धा झटपट भरते! निवेदन तयार आहे, करा सही. पदक नक्की."

"औषध लावलं होतं. यातून काहीच सिद्ध होत नाही. फोटोत हिरवं दिसतंय की!"

"कुठे दिसतंय? काळापांढरा छापू."

पदकाचा मोह झाला, खोटं कशाला बोला. बारा वर्षं उंदरांची घाण काढली होती त्यांनी. रडू येत होतं. पण बाईंनी निवेदनावर आडवी रेघ मारली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'प्रयोग फसला. चूक माझी.' सही करून त्यांनी कागद तावातावानं पुढे सरकवला, तेवढ्यात त्याच्या कडेनं अंगठा कापला. संचालकांच्या सेक्रेटरीनं, फाइनानं, लगेच खणातून झेल्योन्काची बाटली काढली. बाईंनीही मुकाट्यानं अंगठा पुढे केला, वर फुंकर मारली. मग कागद पुन्हा पुढे ढकलताना सहीशेजारी त्या अंगठ्याचा हिरवा ठसा उमटला.

संचालकांनी कागद उचलला, चष्मा चढवला, वाचला.

"तुम्ही लिहिलंय ते मात्र काळंपांढरं छापलं तरी वाचता येईल हो, बाई," ते हताशपणे म्हणाले.