तेवढा वेळ सांभाळा

चष्मेवाल्यांचा सगळा संसार एका प्रश्नावर उभा होता: "आता बरं दिसतंय, की आता?" गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जडशी चौकट चढवायची, भिंगं बदलत जायचं आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची. काही माणसं मोठी भिडस्त असतात. धूसर दिसत असलं, तरी दुकानदाराला किती छळायचं म्हणून "दिसतंय, दिसतंय" म्हणतात. अशांना चष्मेवाले सोडत नसत. "माझ्यासाठी हो म्हणू नका, डोळ्यांना विचारा," म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

असा माणूस देवाच्या बाबतीत कोरडाच राहणार. बायको मात्र रोज निजण्याआधी पलंगावर बसून हात जोडायची आणि ओठांतल्या ओठांत काहीबाही बोलायची. तिला देऊळ, चर्च, दर्गा, कुठलंही दार चालायचं. "अगं, कुठलं तरी एक ठरव," ते चिडवायचे. "तुम्ही एकाच डोळ्याला भिंग लावता का?" ती विचारायची.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर छातीठोकपणे काहीच बोलेनात, नुसतं "बघू" म्हणाले. त्या "बघू"ने चष्मेवाल्यांची झोप उडाली.

"अहो, एक काम कराल?" बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "भूल दिली की मला काही बोलता यायचं नाही. तेवढा वेळ तुम्ही सांभाळा."

जेवून येईपर्यंत दुकान सांभाळा म्हणावं, इतक्या सहज ती म्हणाली.

"पण कुणाला सांगायचं?"

"ते तुमचं तुम्ही बघा. फक्त भिडेखातर नको. मला कळतं बरं."

आता आली का पंचाईत! उभ्या आयुष्यात बायकोने असं काही मागितलं नव्हतं. दुकानाला कुलूप लावून चष्मेवाले देव शोधायला निघाले.

देवळात रांगेतून पुढे सरकत गेले. हात छातीपर्यंत वर आलेही, पण तेवढ्यात पुजाऱ्याच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली दिसली आणि सगळं लक्ष तिकडे गेलं. मशिदीत परवानगी घेऊन मागच्या ओळीत बसले. सगळे वाकले तसे हेही वाकले. अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून कपाळ टेकवणं त्यांना फार आवडलं. पण उठल्यावर स्वतःला विचारलं, दिसतंय का? खरं उत्तर होतं, नाही. चर्चमध्ये तर बाकावर बसल्या बसल्या डोळे भरून आले. पण ते पाणी बायकोसाठी होतं. देवाच्या नावावर ते खपवायला त्यांचं मन धजेना. विहारात भिक्खूंनी श्वासाकडे बघायला सांगितलं, तर हे चक्क घोरायला लागले. जागे झाले तेव्हा अंगावर कुणीतरी शाल घातलेली होती.

"मन शांत झालं," भिक्खू हसून म्हणाले.

"नाही हो, झोप लागली," चष्मेवाले ओशाळून म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि गुन्हा कबूल करावा तसं सांगून टाकलं, "अगं, सगळीकडे जाऊन आलो. कुठेच दिसलं नाही. खोटं कसं बोलू तुझ्याशी?"

ती रागावली नाही. तिचा डावा हात सलाईनसाठी फळीला बांधलेला होता. "मग जाण्याआधी माझं मला बोलून घेऊ द्या," ती म्हणाली. "एक हात अडकलाय. तुमचा द्या."

त्यांनी हात पुढे केला. तिने आपला मोकळा तळवा त्यांच्या तळव्याला नीट, बोटाला बोट लावून टेकवला आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. चष्मेवाले श्वास रोखून बसले.

"दिसतंय काही?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"खरं बोललात, बरं वाटलं."

तेवढ्यात नर्स आली आणि खाट ढकलत घेऊन गेली. चष्मेवाल्यांचा हात तसाच हवेत राहिला. तिची ऊब अजून तळव्यावर होती. ती उडून जाईल या भीतीने त्यांनी घाईघाईने दुसरा हात त्यावर झाकल्यासारखा जोडला, आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

"तू मला दिसत नाहीस," ते पुटपुटले. "पण ती रोज तुझ्याशी बोलते. आज तिला बोलता येत नाहीये, म्हणून तिच्या जागी मी बसलोय. तिला परत पाठव." यापुढे काही सुचेना. म्हणून तेच पुन्हा म्हणाले, मग पुन्हा. जाणारेयेणारे बघत होते. आधी लाज वाटली, मग त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही.

"काका, शुद्धीवर येतायत त्या," नर्स म्हणाली. "या आत."

चष्मेवाले धडपडत आत गेले. बायकोने जड पापण्या उघडल्या. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, तरी तिने बारीक डोळे करून आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते अजून जोडलेलेच होते.

"सोडा आता," ती म्हणाली. "मी आले."