वाटीतले तीन गोळे

मी एक जुना पेप्टाइड बंध आहे. हसू नका, मित्रांनो! जुना म्हणजे दोनच वर्षांचा, पण तेवढ्यात पाहायचं ते सगळं पाहून झालं. खरं तर मी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, बोटभर काडी.

कळंबजवळच्या शाळेत बारावीतल्या खुशीनं मला घडवलं. तान्ह्या पोळ्याच्या बैलांची माती उरली होती, तिचे तिनं गोळे केले. कार्बनला कोळसा फासला, नायट्रोजनला नीळ, ऑक्सिजनला गेरू, हायड्रोजनला चुना. काड्या खोचल्या आणि दोन अमिनो आम्लं तयार! मग एकाच्या आम्ल टोकाकडून ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी काढली, दुसऱ्याच्या अमिनो टोकाकडून एक हायड्रोजन. मोकळ्या झालेल्या कार्बन आणि नायट्रोजनमध्ये मी बसलो, तोच पेप्टाइड बंध. निघालेले तीन गोळे म्हणजे पाण्याचा एक रेणू. तेवढं पाणी सोडल्याशिवाय आम्लं जुळतच नाहीत! गोळे वाटीत ठेवले. वाटीला ‘पाणी’ अशी चिठ्ठी लावायची तेवढी राहिली.

शाळेनं माझं काय कौतुक केलं! खिचडी रांधणारी रुपीबाई तर रोज डोकावून जायची. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी तिला वाटी दिसली.

"अवं माय! पोरीचे गोळे निखळले न!"

गोळे काढले तिथली जुनी भोकं दिसतच होती. तिनं तिन्ही गोळे फेव्हिकॉलनं पक्के बसवले आणि वर फडकं बांधलं. एसटी चुकेल म्हणून खुशीनं फडकं न सोडता मला तसंच उचललं.

फडकं सुटलं ते परीक्षकांपुढं.

"बेटा, कार्बनले पाच हात काहून? चारच असतात न!"

"सर, थांबा... काढते मी!"

तिनं गोळा ओढला. फेव्हिकॉल सुटला नाही. मीच कडकन मोडलो. इथं नंबर लागला तरच पुढं यवतमाळच्या जिल्हा प्रदर्शनाला जाता येणार होतं, आणि बारावीतली ती तिची शेवटची संधी होती.

शाळेत परतलो तर रुपीबाई फाटकातच उभी.

"काय वं खुशे, लागला नंबर? म्या चिकटवले म्हणून बरं, नाही त रस्त्यातच सांडले असते!"

खुशीनं माझ्यावरचं फडकं नीट ओढून घेतलं. मग म्हणाली, "हो मावशी. लागला."

त्यानंतर तिनं मला हातात घेतलं नाही. आता ती शाळेतही नाही. कपाटात वाळवी मला रोज थोडं थोडं खाते.

मित्रांनो, खऱ्या प्रथिनातला माझा भाऊ नुसत्या पाण्यात शेकडो वर्षं टिकतो म्हणे. माझं काही उरलेलं नाही, मला जोडत बसू नका. कुणाची मेहनत मांडलेली दिसली, तर हात लावण्याआधी एकदा विचारा, एवढंच.

आणि रुपीबाईला यातलं काही सांगू नका.